वर्नाची पदकं आणि चांदीचा हिवाळा

वर्ना हॉस्टेटलर पेनसिल्व्हेनियातल्या ॲशफर्ड गावची. जन्मभर तिने शाळेत मुलांना जेवण वाढलं. नवरा गेल्यावर रिकामं घर खायला उठलं, तेव्हा ती थोर अमेरिकनांच्या स्मृतिपदकांच्या नादी लागली. चांदीची, तळहातावर मावतील एवढी. लिंकन, हॅरिएट टबमन, क्लारा बार्टन. पदकं ती कधी घासत नसे. "काळवंडू देत," म्हणायची, "माणसंही काळवंडतातच की."

महिन्यातून एकदा अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत संग्राहकांचं मंडळ जमे. कॉफी, ॲपल-पाय आणि गप्पा. मंडळाचा कारभार डेलमर क्रूगर बघे. तोंडाचा गोड, कुणाच्याही अडीनडीला धावणारा.

१९८० च्या हिवाळ्यात चांदीचा भाव आभाळाला भिडला आणि गावाची झोप उडाली. आधी मंडळातल्या ऑर्व्हिलचं घर फुटलं. तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला होता. मग मंडळातल्याच एनिडचं, ती बहिणीच्या अंत्यविधीला गेली होती. टीव्ही जागच्या जागी, दागिने जागच्या जागी. गेली ती फक्त पदकं.

वर्नाच्या एक गोष्ट लक्षात आली. जाताना दोघांनीही घराकडे लक्ष ठेवायला डेलमरलाच सांगितलं होतं. तिचं मन मानेना, पण शंकाही जाईना. शेवटी बैठक संपल्यावर तिने त्याला एकट्याला गाठलं.

"रविवारी चर्चमधून परस्पर मुलीकडे जातेय रे, सोमवारी येईन. पदकं पिठाच्या डब्यात दडवलीत. कुठं बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतोय! तू निर्धास्त जा. येता-जाता नजर टाकतो घरावर."

डब्यात नुसतं पीठच होतं; पदकं तिने गाडीत घालून सोबत नेली.

सोमवारी दुपारी ती परतली तर मागचं दार सताड उघडं. स्वयंपाकघरभर पीठ सांडलेलं, त्यात बुटांचे ठसे. ते सरळ दाराकडे न जाता आधी टेबलाकडे गेले होते. एक खुर्ची ओढलेली, तिच्या बैठकीवर पीठ, समोर कॉफीचा उष्टा कप. हाती काही न लागल्यावर चोर पळाला नव्हता. तिची वाट बघत बसला होता.

फोन वाजला.

"आलीस का गं सुखरूप?" डेलमर होता. "सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," ती कशीबशी म्हणाली.

"आणि पदकं?"

"आहेत."

 मग तो अगदी हळू म्हणाला, "तू माझ्याशी खोटं बोलशील असं वाटलं नव्हतं, वर्ना."

ती अंगावरच्या कोटानिशी पोलिसांच्या कचेरीत गेली. डेलमरच्या गाडीत पिठाने माखलेले बूट सापडले, शेडमध्ये भट्टी. ऑर्व्हिलची आणि एनिडची पदकं केव्हाच वितळली होती. एका ओबडधोबड चांदीच्या विटेच्या कडेला पदकावरच्या फ्रेडरिक डग्लसचं अर्धं कपाळ तेवढं उरलं होतं. एनिडने ते बोटाने चाचपलं आणि तोंड फिरवलं.

डेलमर जामिनावर सुटला. खटला उभा राहीपर्यंत त्याची गाडी वर्नाच्या रस्त्याच्या टोकाला येऊन उभी राही. आतून कुणी उतरत नसे. वर्नाने पदकं ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायला दिली, तरी गाडी येतच राहिली. ती दाराकडे तोंड करून जेवू लागली. पण साक्षीच्या दिवशी ती कोर्टात ताठ उभी राहिली आणि फोनवरचं त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

डेलमर तुरुंगात गेला. मंडळ मोडलं. वर्ना पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण गावाला जाताना कुठे चाललेय, कधी येईन, हे तिने पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. पोटच्या मुलीलासुद्धा नाही.