फक्कीच्या बाहेर

जमीन मोजणीच्या खात्यात धोंडीरामभाऊंनी चौतीस वर्षं बांधाबांधांवर चुन्याची फक्की मारली. समोर भाऊभाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी त्यांची रेघ बोटभर हलली नाही. म्हणून विंचूरजवळच्या माळावर मोटारसायकलच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा वळणावर फक्की मारायला आणि पंच म्हणून उभं राहायला त्यांनाच बोलावलं गेलं. नियम साधा होता. दोन्ही चाकं रेघेबाहेर गेली की पाच सेकंद दंड.

यंदाच्या अंतिम फेरीत सटाण्याची सृष्टी एकदा बाहेर गेली. मध्ये दोन गाड्या आल्यानं भाऊंना ते दिसलंच नव्हतं, पण तिनं आपणहून हात वर केला. भाऊंनी वहीत नोंद केली. प्रमुख पाहुण्यांचा पुतण्या बंटी मात्र तीन वेळा रेघ कापून गेला, तेही अगदी भाऊंच्या नाकासमोरून. सृष्टी त्याच्या दोन सेकंद आधी पोहोचली. दोघांचाही दंड धरला तर पहिला नंबर तिचाच होता.

पण पहिला नंबर जाहीर झाला तो बंटीचा. भाऊ वही घेऊन तडक मांडवात गेले. आयोजक महेश पाहुण्यांना पेढा भरवत होता.

"सकाळी टँकरनं पाणी मारलं ना भाऊ, त्यात रेघ पुसट झाली. म्हणून बंटीचा दंड काढला," महेश म्हणाला.

"पाण्यानंतर म्या सोता परत मारली फक्की! आन् पुसट व्हती तर पोरीचा बी काढ."

"तिनं कबूल केलंय. तिचा कसा काढणार?"

हे बोलताना त्या माणसाची पापणीसुद्धा लवली नाही. भाऊंना शिसारी आली. निकालपत्रावर त्यांनी सही केली नाही, तर महेशनं शेजारच्या वळणावरचा पंच सुनील याची घेतली. त्या लाचारानं कागद वाचलासुद्धा नाही. वर भाऊंच्या अंगावर शाल टाकायला दोघं पुढे आले. भाऊंनी ती झिडकारली आणि ते मांडवाबाहेर थुंकले.

सृष्टी गाडी टेम्पोत चढवत होती. डोळे लाल, पण आवाज शांत.

"काका, एक विचारू? पुढच्या वेळी हात वर करू का नको?"

भाऊंनी गाडीला मागून हात लावला.

"करायचा," ते म्हणाले. सांगायला आपलं काय जातंय, किंमत तर ही पोर मोजणार, हे त्यांना कळत होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांना स्वतःची किळस आली.