ओहोटीची नदी

आमची आत्या नदी खात्यात फोटो काढायची. महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला छोट्या विमानात बसायचं आणि जुन्या पुलापासून समुद्रापर्यंतची नदी वरून टिपायची, हे तिचं काम. पाणी उतरलं की चिखल, गवताचे पट्टे आणि नाल्यांची तोंडं उघडी पडतात. नदीचं दुखणं तिथेच कळतं. घरातल्या लग्नाची तारीखसुद्धा ओहोटीच्या आड येत नसेल तरच तिला चालायची. नदीकाठी फिरायला चल म्हटलं की मात्र वैतागायची.

"सुट्टीच्या दिवशीही पेशंटचंच तोंड बघू?"

ती निवृत्त झाली त्या दिवशी वैमानिकाने तिला फ्रेम केलेला एक मोठा फोटो दिला. त्यात काठोकाठ भरलेलं निळंशार पाणी होतं. आत्याने चष्मा लावून तो नीट पाहिला.

"छान आहे. कुठली नदी ही?"

सगळे हसले. वैमानिक तेवढा ओशाळला.

"बाई, आपलीच. भरतीला काढलाय."

आत्याने फोटो पुन्हा जवळ ओढला. मग तिने काचेवर डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"मग इथला नाला कुठे लपवलात?"