खाली बघून प्यायलेली आंबील

आमच्या केजकडं जेवताना कुणाला ठसका लागला की शेजारचा आधी ओरडतो, "वर बघ, वर बघ!" आणि मग टाळूवर दोन टपल्या हाणतो. ठसक्याला दुसरं औषधच नाही, असा आमचा पिढ्यानपिढ्यांचा समज. त्या समजापायी माझा जीव जाता जाता राहिला.

मला घशाचा कॅन्सर झाला होता. रेडिएशनचे शेक घेऊन गाठ गेली, पण गिळायचं कसं तेच घसा विसरला. कित्येक महिने नाकातल्या नळीवर काढले. नळी निघाली त्या दिवशी दवाखान्यात गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, "काका, पाणी सगळ्यात अवघड. पातळ असतं, पटकन श्वासनळीत जातं. दाटसर घ्या, चमच्याचमच्यानं. गिळताना हनुवटी छातीला टेकवा; मान वर गेली की श्वासनळी उघडी पडते. तोंडानं पुरेसं गेलं नाही, तर पुढची नळी पोटातून घालावी लागेल."

पोटातून!

घरी आलो. बायकोनं मायेनं पातळ पेज केली, सोपी जाईल म्हणून. पहिल्याच घोटाला ठसका. "वर बघा, वर बघा!" करत तिनं माझी हनुवटी धरून वर उचलली. डोळ्यांपुढं अंधारी आली. श्वास परतल्यावर फाटक्या आवाजात ओरडलो, "मारतीस का मला?" ती बिचारी रडत चुलीपाशी जाऊन बसली.

माझं डोकं असं तापट. तिचं तसं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती समोर बसायला लागली. मी चमचा तोंडात घातला की तीही हनुवटी छातीला टेकवून आवंढा गिळायची. तिचं ताट तोवर गारढोण. ठसका लागला की जुन्या सवयीनं "वर..." एवढं निसटायचं, की लगेच पदर तोंडावर. मला हसू यायचं आणि हसण्यानं पुन्हा ठसका. आज आठवलं की वाटतं, हिच्या जागी मी असतो तर वाटी फेकून कधीच उठलो असतो.

एक गोष्ट मात्र लई लागायची. आमच्यात पाहुण्याला आग्रह करून करून बेजार करतात. मला कुणी "अजून घ्या" म्हणेना. मी जेवायला बसलो की लोक जीव मुठीत धरून नुसते बघायचे.

येळवस आली. त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवतं. मी म्हणालो, "मी न्हाई येत. चार माणसांत खोकत बसू का?"

थोरल्या वहिनीनं दारातूनच आवाज दिला, "भाऊजी, तुमी न्हाई आलात तर कडब्याची कोप उचलून तुमच्या अंगणात आणीन! तुमच्यापुरती आंबील दाट ठिवलीय, बिनतिखटाची."

गेलो. शेतातल्या त्या कडब्याच्या झोपडीत, कोपीत, पंगत बसली. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची ती आंबट, गार आंबील. चमच्यानं दोन घोट नीट गेले. मग मला हाव सुटली. पूर्वीसारखी वाटीच तोंडाला लावली आणि मान मागं टाकली.

ठसका!

"वर बघ, वर बघ!" सगळी पंगत ओरडली. थोरल्या भावाचा हात टाळूवर पडणार, तेवढ्यात बायको उठून उभी राहिली. थोरल्या दिरासमोर जिचा आवाज कधी फुटला नाही ती कडाडली, "खबरदार कुणी वर बघ म्हणलं तर! खाली बघा म्हणते मी!"

ती म्हणत होती मला. पण अख्ख्या पंगतीनं माना खाली घातल्या, भावानंसुद्धा. मी खोकून खोकून घसा मोकळा केला, दम घेतला. मग चमचाभर आंबील तोंडात धरली, हनुवटी टेकवली आणि गिळली.

भाऊ ताटातल्या मिसळीच्या भाजीकडं, भज्जीकडं बघतच पुटपुटला, "गेलं का रं?"

"गेलं."

माना वर आल्या. बायको खाली बसली आणि स्वतःच्या ताटातला पहिला घास तिनं उचलला. वहिनी आंबिलीचा तांब्या घेऊन माझ्यापुढं वाकली. "भाऊजी, वाढू का अजून?"

मी वाटी पुढं केली. "वाढा की, वहिनी."