परवा ये बघायला

मुरब्यापासून वैतरणेपर्यंत माझ्या आतेसासूला भांडणात उभ्याने कुणी हरवलेलं नाही, आणि आता ती आडवी पडून भांडते तरी कुणी हरवत नाही. मी कऱ्हाडकडची. वडील बोईसरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि मी मुरब्यात सून होऊन आले. पहिल्याच दिवशी मी "अहो आत्या" म्हणाले तर ही म्हणते, "अवो काय? मी काय तलाठी हाय?" तेव्हापासून अगं-तुगं. ती बोईसरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. कारखान्यातली हिंदी पोरं "आंटी, ताजा है क्या?" विचारायची, की ही "तुझ्यापेक्षा ताजा हाय" म्हणत पापलेट थेट त्यांच्या नाकाला लावायची. रिक्षात बसायची नाही, रिक्षा फार हळू जाते म्हणायची. आणि लग्नसराईत तर विचारूच नका! आमच्याकडे लग्नातल्या प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो गाणारी धवलारीण बसल्याशिवाय नवरीच्या गालाला हळद लागत नाही. आमच्या घरची धवलारीण म्हणजे आत्या.

मग तिला चिकनगुनिया झाला. त्या पावसाळ्यात अर्ध्या गावाला झाला होता. बाकीचे लंगडत लंगडत बरे झाले. हिचा ताप उतरला, सांधेही सुटले, पण अंगातलं बळ जे गेलं ते गेलंच. वेणी घालायला हात वर केला तरी दमायची. रात्रभर झोपून सकाळी उठली तरी जणू डोळ्याला डोळा लागला नव्हता. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळीकडे एकच उत्तर, रिपोर्ट नॉर्मल. तो शब्द ऐकून ऐकून ही इतकी पिसाळली की तिने त्याची शिवीच करून टाकली. शेजारणीचा नवरा दिवसभर पत्ते कुटत बसतो, त्याला म्हणते, "नॉर्मल मेला!"

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी गुळवेल, कुणी भगताचा दोरा. थोरले भावोजी, म्हणजे माझे मोठे दीर, तिचा सख्खा भाचा, म्हणाले, "आत्या, तुला चाललं पाहिजे. बसून बसून अंग जड झालंय." तिला ओढत समुद्रावर नेऊन चालवलं आणि हसत घरी आणलं. पुढचा आठवडा ती अंथरुणातून उठली नाही. ते मात्र त्यांनी पाहिलंच नाही, आपल्या कामाला निघून गेले होते. आमच्या लोकांची खरी चूक तीच. आजाऱ्याला बघायला सगळे जीप भरून येतात. घरात माणसं आली की ही उठते, टिंगल करते, बोंबील तळायला लावते, सगळ्यांना हसवते. पाहुणे जाताना पायरीवर म्हणतात, "कुठे आजारी आहे? नाटकं आहेत नुसती." आणि जीप वळली की ही भिंतीला धरून खाली बसते.

शेवटी पालघरच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजी, विषाणू येऊन जातो, ताप जातो, पण काही माणसांचं शरीर नंतर पहिल्यासारखं होत नाही. असं का होतं, ते आम्हाला अजून नीट ठाऊक नाही. पण तुम्ही सांगताय ते खरं आहे. जोर करू नका. दमायच्या आधीच आडव्या व्हा. जोर केलात तर शरीर त्याचं उट्टं लगेच नाही, एक-दोन दिवसांनी काढेल." आत्या दवाखान्यातून अशी बाहेर आली की जणू निवडणूक जिंकली. "ठाऊक नाय म्हनली गो! इतक्या डॉक्टरांत ही पयली, जी खरं बोलली!" दुसऱ्याच दिवशी तिने बाईंना सोललेली करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, पाठवली.

आणि मग तिने हिरवी प्लॅस्टिकची चटई घेतली. दमायच्या आधी आडवं व्हायचं ना? मग व्हायचं, जिथे असू तिथे. पाहुण्यांच्या ओसरीवर, रेशनच्या दुकानापुढे, एस.टी.च्या थांब्यावर. बँकेत रांगेतच चटई पसरून पडली, तेव्हा वॉचमन धावत आला, "आजी, इथे झोपायचं नाही!" ही डोळे मिटूनच म्हणाली, "झोपली नाय, रांगेत हाय. माजा नंबर आला का सांग." लोक फिदीफिदी हसले. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग मीच हसणाऱ्यांवर डोळे वटारायला लागले. शरम कसली त्यात? बळ तिचं, चटई तिची.

गेल्या वर्षी थोरल्या भावोजींच्या मुलीचं लग्न ठरलं. भावोजींनी आत्याला न विचारता उमरोळीची दुसरी धवलारीण सांगितली. "आत्याला कशाला त्रास?" असं तोंडाने म्हणत होते, पण मनात काय होतं ते सगळ्यांना कळत होतं. नाटकी बाई नको, मांडवात चटई नको. बातमी कळली तेव्हा आत्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. "पाटी गेली, बाजार गेला. धवला पन काडून घेतला तर माज्यात ऱ्हायलं काय?" मग डोळे पुसून म्हणाली, "येऊ दे उमरोळीची. जेवू घाल तिला. गाईन मीच."

हळदीच्या आधीचे कितीतरी दिवस ती कुणाशी चार शब्दांपलीकडे बोलली नाही. सगळं साठवून ठेवलं. दुपारी मांडवात आली ती नवं लुगडं नेसून, काखेत चटई. नवरीच्या पाटाशेजारी चटई पसरली, कुशीवर आडवी झाली आणि धवला उचलला. अहाहा! तोच आवाज. उमरोळीच्या बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, खाली तिच्या उशाशी बसली आणि पाठची ओळ धरली. नवरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेवटचा धवला संपला तेव्हा भावोजी मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा आवाज! हिला काय धाड भरलीय?"

आत्या चटईवरूनच म्हणाली, "आज काय बघतोस? परवा ये बघायला."

परवा ते खरंच आले. धवलारिणीच्या मानाचं लुगडं आणि नारळ घेऊन आले. खिडकीला मी गोधडी लावली होती, उजेड तिला सोसत नव्हता. भावोजी दारातूनच "काय गं आत्या!" म्हणून ओरडले आणि तिने कानात सुई घातल्यासारखं तोंड केलं. ते थबकले. लुगडं तिच्या हाताशी ठेवलं. तिने बोटं हलवली, पण लुगड्यापर्यंत हात पोचेना. ओठ हलले. भावोजी कान तोंडाशी नेऊन ऐकायला लागले. ती म्हणत होती, "नॉर्मल हाय ना?"

हा एवढा धिप्पाड माणूस खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला, तोंडात पंच्याचा बोळा कोंबून, आवाज होऊ नये म्हणून. मग चमच्याचमच्याने तिला पेज भरवली. तेव्हापासून मांडवात आधी भावोजी येतात, काखेत हिरवी चटई घेऊन, आणि कुणी हसलं तर अंगावर धावून जातात.

आता ती फार गात नाही. एका लग्नाची किंमत तिला महिनाभर मोजावी लागते. मध्यंतरी माझ्या लेकीला म्हणाली, "तुज्या हळदीसाठी धवला राखून ठेवलाय गो." लेक बारावीत. ठसक्यात म्हणाली, "मी लग्न करणार नाही."

"नको करू," आत्या म्हणाली. "कोन सांगतंय? पन हळद लावून बस माज्यासमोर. आज अंगात हाय, गाऊन घेते."

लेकीने स्वयंपाकघरातून हळद आणली, गालाला लावली आणि पाटावर बसली. मांडव नाही, नवरा नाही. आत्या चटईवर कुशीवर वळली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. मी दारात उभी राहून पदर डोळ्यांना लावत होते. गाणं संपल्यावर तिने लेकीचा हात धरला.

"परवा मात्र बघायला येऊ नको," म्हणाली. "तू आजची मी ध्यानात ठेव."