पहिला मांडा बिनपुरणाचा

आमच्या घरी आखाजीला पहिला मांडा बिनपुरणाचा वाढतात. अशी चाल बऱ्हाणपुरात दुसऱ्या कोणत्याही घरी नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात मांडे दोन प्रकारचे. एक घरचा: पोटात पुरण, हातावर फिरवत वाढवलेला आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेला. अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, तो आमरसाबरोबर खायचा. दुसरा भट्टीवरचा: पोटात काही नाही, पातळ, धोतराएवढा ऐसपैस, आणि रश्श्याबरोबर खायचा. माझे वडील, अण्णा, शाळेत इतिहास शिकवत. त्यांच्या मते हा दुसरा मांडा बादशहाच्या फौजेसाठी इथेच जन्मला. (अण्णांच्या मते खाण्यासारखं सगळंच इथे जन्मलं. जिलबीसुद्धा!)

राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्याचे ते दिवस. जळगाव एका राज्यात गेलं, आम्ही दुसऱ्या. मी नुकताच कचेरीत चिकटलो होतो, पण मला त्या सीमेशी एवढंच देणंघेणं होतं की तिच्या पलीकडे मालती होती! आदल्या आखाजीला ती आमच्या जवळच्या निंबोल्याला मावशीकडे आली होती आणि कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली होती. झोका वर जाताना ती डोळे मिटायची, खाली येताना उघडायची. बस, एवढंच पाहिलं. तेव्हापासून तो झोका माझ्या डोक्यात चालूच होता. कचेरीत टाक दौतीत बुडवला की झोका वर जायचा, आणि साहेब ओरडले की खाली यायचा. मनातले मांडे खाण्यात माझा हात कोणी धरला नसता.

आमच्याकडून मागणी गेली. मालतीचे वडील, जळगावचे तात्या, मात्र अडून बसले. म्हणाले, "तुमचं गाव आता हिंदीत चाललं. माझी नातवंडं मला आजोबा म्हणतील की नानाजी?" शेवटी 'आखाजीला जेवायला येतो, मुलगा बघतो, मग सांगतो' असा निरोप आला. म्हणजे माझं सगळं आयुष्य एका पंगतीवर येऊन ठेपलं!

आखाजीच्या सकाळी अंगणातून चालताना झोका वर गेला आणि पायाखाली काहीतरी कडकन मोडलं.

"मधू!" माय स्वयंपाकघरातून धावत आली. "खापरात पाय देला काय रे?"

मी खाली पाहिलं. दिला होता.

"डोये कुठी होते तुझे?"

निंबोल्याला, हे उत्तर मी गिळलं.

"आता जाय पटकन. वेशीजवळच्या सीतामावशीले म्हन, दहा माणसांचे मांडे तुह्या खापरावर भाजून दे. पुरण मी धाडते."

यातले 'वेशीजवळ', 'दहा माणसं' आणि 'मांडे' एवढेच शब्द माझ्यापर्यंत पोचले. बाकीचे झोक्याखालून निघून गेले.

आता वेशीजवळ सीतामावशी राहते, तशी मांडेवाल्या चाचांची भट्टीही आहे. पाय आपोआप भट्टीकडे वळले.

"आओ मधू मियाँ! बोलो."

"मांडे. दस आदमी के."

"अण्णावाले? वोही हमेशा के?"

"वोही." (त्या 'हमेशा'वर मी थांबायला हवं होतं.)

"साथ में क्या बना है?"

"आम."

चाचांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मियाँ, तबीयत तो ठीक है?"

"बहुत अच्छी है," मी म्हणालो, आणि खरंच अच्छी होती. चाचांच्या हातावरची पारी वर उडायची, हवेत पसरायची, अलगद खाली यायची, पुन्हा वर जायची. वर जाताना मी डोळे मिटत होतो.

घरी आलो तर तात्या येऊन ओसरीवर बसलेले. मायने टोपलीवरचं फडकं काढलं, वरचा मांडा उचलला आणि त्याच्याआड दिसेनाशी झाली.

"हे काय आनलं रे? हे तर भट्टीवरचे!"

"गव्हाचेच आहेत, विस्तवावरच भाजलेत," अण्णा घाईघाईने म्हणाले. "आणि इतके मऊ असतात..."

"तुमाले काय ठाऊक?"

अण्णा एकदम आढ्याकडे बघू लागले. त्यांची नेहमीची भट्टी मायला त्या दिवशी कळली!

पण पाहुणे भुकेले होते. अण्णा हळूच म्हणाले, "वाढ तू. बाकी मी बघतो."

पानं मांडली. तात्यांनी मांड्याची एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी उलगडली. "मास्तर, पुरण?"

"आमच्याकडे पहिला मांडा बिनपुरणाचा असतो," अण्णा घसा साफ करून म्हणाले. "बादशाही चाल! फौज तापी उतरत होती आणि नदीला आला पूर..."

"वैशाखात?"

"पूर नव्हता, पण येईल अशी भीती होती. त्यामुळे पुरणाची गाडी राहिली पलीकडे."

आतून माय जोरात खोकली. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. मग तुमच्या घरात ही चाल सुरू कोणी केली?"

मी वाटीतल्या रसाकडे बघत होतो. केशरी, संथ. त्यात लिंबाची सावली हलत होती, दोर करकरत होता. कुठूनतरी 'कोणी केली' असं ऐकू आलं.

"मी," मी म्हणालो.

"कधी?"

"आज सकाळी."

अण्णांचा घास हातातच राहिला, आणि मी एकदाचा जमिनीवर आलो. संपलं. मालती गेली, जळगाव गेलं. इतकं रडू आलं की मी मान वर केली नाही.

तेवढ्यात तात्यांना ठसका लागला. ते हसत होते! डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, पोरगी दिली. हा काय तिच्याशी खोटं बोलणार? बोलायला भानावर तर असायला पाहिजे!" मग त्यांनी आतून पुरण मागवून कोऱ्या मांड्यावर पसरलं, सुरळी करून रसात बुडवली आणि आणखी एक मागून घेतला. "नातवंडं नानाजी म्हणाली तरी चालेल. पण याला एकट्याला बाजारात धाडायचं नाही."

(नातवंडं नानाजीच म्हणाली. तात्यांनी ओ दिली.)

तेव्हापासून आमच्याकडे पहिला मांडा बिनपुरणाचा. यंदा नव्या सूनबाईंनी विचारलं, "बाबा, ये चाल कोणी सुरू केली?" मी अण्णांसारखा घसा साफ केला. "बादशहाची फौज तापी उतरत होती..."

"एक बादशहा होता," मालती रस वाढता वाढता म्हणाली. "त्याला बाजारात धाडलं की भलतंच घेऊन यायचा."

"मग?"

"मग काय? तोच माझ्या पदरात पडला!"

बादशहांचं यावर काहीतरी म्हणणं असणार. पण ते तेव्हा निंबोल्याला झोका बघत होते.