लॅबचं दार

दुबईत, अल बर्शामधल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत मी शरीररचना शिकवते. वर्गाचं नाव ऑनर्स अ‍ॅनाटॉमी. डॉक्टर व्हायचं मनात असलेली अकरावी-बारावीची मुलं तो घेतात. खरं तर ते त्यांच्यापेक्षा त्यांच्या आईवडिलांच्या मनात जास्त असतं. ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडली की पहिल्याच तासाला मी अपेक्षांचं पान वाटते आणि मोठ्याने वाचून दाखवते. काम उशिरा दिलं तर मार्क कापले जातील. ग्रेड घसरली तर साध्या बायोलॉजीच्या वर्गात परत जावं लागेल. कापायला दिलेल्या नमुन्याचे फोटो काढायचे नाहीत, त्याला गमतीची नावं ठेवायची नाहीत. प्रॅक्टिकलमध्ये जे दिसलं तेच लिहायचं, अंदाज लिहायचा नाही. आणि विच्छेदनाच्या दिवशी घंटा झाली की लॅबचं दार बंद होईल.

शेवटचा नियम आमच्या विभागाचा होता आणि तो कुणी दुष्टपणाने केलेला नव्हता. मुलांच्या हातात धारदार ब्लेड असतं. ते कसं धरायचं, कुठे ठेवायचं, कापलं तर काय करायचं, हे सगळं सुरुवातीला एकदाच सांगितलं जातं. मागून आलेल्या मुलाने ते ऐकलेलं नसतं. एकदा एका मुलाच्या तळव्याला टाके पडले, त्यानंतर हा नियम आला.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती माझ्या वर्गात आली त्या वर्षी, सहीसाठी घरी नेलेलं पान परत आणताना तिने हसत सांगितलं की अब्बांनी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला आणि मगच सही केली. मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली, खाडीकाठच्या गावातली माणसं. वडिलांचा शारजापलीकडच्या अजमानमध्ये मटणाचा धंदा होता. दुबईतल्या हॉटेलांना माल पोचवायला ते रोज पहाटे गार डब्याची व्हॅन घेऊन निघत. पूर्वी हे कुटुंब शाळेजवळच राहायचं. भाडं परवडेना म्हणून अजमानला गेलं, पण शेवटच्या दोन वर्षांसाठी मुलीची शाळा बदलायची नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं. म्हणून ती रोज त्यांच्या शेजारी बसून व्हॅनमधूनच यायची. वाटेतल्या शारजाची ट्रॅफिक ज्याने पाहिली आहे त्याला ते वेळेवर पोचणं काय असतं ते कळेल.

पालकांच्या भेटीच्या दिवशी ते आले. उंच, जाड मनगटांचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले. मी मराठी बोलते हे मुलीने सांगितलं असावं, कारण आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्याच मुलखातल्या. आता माका भीती नाय." मग त्यांनी विचारलं की मुलगी डॉक्टर होईल का. मी म्हटलं, हुशार आहे, कष्टाळू आहे, बाकीचं तिच्यावर आहे. ते म्हणाले, "इन्शाल्ला." तिने मान खाली घालून पुटपुटलं, "अब्बा, प्लीज."

निघताना त्यांनी विचारलं की पोरं कापतात ते दिल कुठून आणता. मी सांगितलं की फॉर्मालिनमध्ये ठेवलेली येतात. कडक असतात, वास डोळ्यांना झोंबतो. त्यांना ते पटलं नाही. दिल-कलेजी तर आम्ही रोज कापतो, म्हणाले, शिक्का मारलेलं ताजं देतो की. शाळेने परवानगी दिली आणि त्या वर्षीची हृदयं त्यांच्याकडून यायचं ठरलं. ती लॅबमध्ये आल्यावर फरक लगेच कळला. झडपा बोटांना मऊ लागल्या. मुलं आपोआप हळू बोलायला लागली.

हृदयाचा धडा जानेवारीत आला. त्या आठवड्यात मी शिकवलं की हृदयाचं दुखणं नेहमी छातीतच जाणवत नाही. ते डाव्या हातात जातं, खांद्यात जातं, जबड्यात जातं, आणि माणूस दाताला किंवा गॅसेसला दोष देत बसतो. त्यावर छोटी चाचणी घेतली. तिला पैकीच्या पैकी मिळाले.

विच्छेदनाच्या दिवशी ती घंटेच्या अगदी आधी आत आली, धापा टाकत, दोन्ही हातांत वडिलांनी दिलेला बर्फाचा डबा. मी सूचना दिल्या, दार लावलं, मुलांनी ट्रे घेतले. ती नेहमीसारखी नीट काम करत होती. महाधमनी उघडून झडपेच्या वरची दोन बारीक तोंडं ती शेजारच्या मुलीला दाखवत होती, ज्यांतून हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ती. तेवढ्यात आमच्या सुपरवायझर बाई दाराच्या काचेशी आल्या. त्यांनी मला बाहेर बोलावलं. वडील एका हॉटेलच्या मागच्या बाजूला, माल उतरवायच्या जागी, व्हॅनच्या पायरीवर बसले आणि तिथेच कोसळले होते. अ‍ॅम्ब्युलन्स आली होती. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत संपलं होतं.

मुलीला फक्त एवढंच सांगायचं ठरलं की वडिलांना बरं नाही, काका न्यायला येताहेत. मी आत गेले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ब्लेड ट्रेमध्ये ठेवलं, जसं शिकवलं होतं तसं, पातं आतल्या बाजूला करून. हातमोजे काढले. मग बेसिनशी उभी राहून हात धूत राहिली. शेवटी मीच नळ बंद केला.

अजमानला मी भेटायला गेले तेव्हा घर कोकणातल्या माणसांनी भरलेलं होतं. पुरुष खाली, इमारतीच्या सावलीत उभे. आत बायका जमिनीवर बसल्या होत्या. आई इद्दतीत होती, नवऱ्यामागे पाळायच्या एकांतात. पांढऱ्या ओढणीत, भिंतीला टेकून, कुणाकडेच न बघता बसलेली. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "मॅडम, चार दिवस दाढ दुखते म्हणत होते. मी लवंग दिली." मुलगी स्वयंपाकघरात कप विसळत होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली आणि पाठ फिरवली.

ती शाळेत परत आली तेव्हा तिचं प्रॅक्टिकल अर्धवट राहिलेलं होतं. नियमाप्रमाणे चुकलेलं प्रॅक्टिकल ठरावीक मुदतीत द्यावं लागतं, नाहीतर शून्य. शून्य म्हणजे ऑनर्समधून बाहेर. मी समन्वयक बाईंकडे गेले. त्या जॉर्डनच्या, मनाने चांगल्या. त्यांनी मुदत वाढवून दिली आणि हृदयाच्या जागी मूत्रपिंड द्यायलाही हरकत नाही म्हणाल्या. मी मुलीला बोलावून ते सांगितलं.

"नो, मॅडम," ती म्हणाली. "आय वॉन्ट द हार्ट."

मी तिला सांगितलं की फ्रीजरमध्ये आहेत ती हृदयं त्या दिवशीच्याच डब्यातली आहेत. मी आधीच सांगायला हवं होतं असं तिला नंतर वाटू नये, म्हणून. ती म्हणाली, तिला माहीत आहे.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघीच लॅबमध्ये बसलो. मी दार उघडंच ठेवलं होतं. तिने काम सुरू केलं. उजवा कप्पा, डावा कप्पा, भिंतींची जाडी, झडपांचे दोर. प्रत्येक गोष्ट चिमट्याने उचलून नाव सांगत होती, इंग्रजीत, परीक्षेतल्यासारखं. डावी रक्तवाहिनी वरून खाली चिरत नेली आणि तिथे थांबली. मग मराठीत बोलायला लागली. ती माझ्याशी मराठीत क्वचितच बोलायची.

त्या सकाळी शारजा ओलांडल्यावर अब्बांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली होती. एसी चालू असून कपाळावर घाम होता. डावा खांदा दाबत होते. तिने काय झालं विचारलं तर म्हणाले, गॅस झालाय, दोन मिनिटं बसू. समोर, पुढच्याच वळणावर, हॉस्पिटलचा बोर्ड दिसत होता.

"मीच म्हटलं, अब्बा चला ना, दार बंद होईल," ती म्हणाली. "ते लगेच निघाले. म्हणाले, तुझ्या मॅडम आत घ्यायच्या नाहीत."

तिच्या हातात चिमटा तसाच होता.

"मॅडम, मला येत होतं. जबडा, खांदा, घाम. त्याच्या दोनच दिवस आधी मी लिहिलं होतं. तुम्ही बरोबरची खूण केली होती." मग तिने विचारलं, "तिथून सरळ हॉस्पिटलला गेलो असतो तर?"

खोटं बोलायला सगळ्यांत सोपी वेळ तीच होती. काही फरक पडला नसता, असं म्हणून तिला जवळ घेता आलं असतं. पण समोर ती चिरलेली रक्तवाहिनी होती आणि ती मुलगी वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी होती. मी म्हटलं की मला माहीत नाही. काही माणसं हॉस्पिटलच्या दारात वाचतात, काही आत, डॉक्टरांच्या हातात जातात. कुठली वाहिनी बंद पडली होती, किती वेळ, हे मी पाहिलेलं नाही. कदाचित वाचले असते. कदाचित नसते.

तिने मान डोलावली.

मग मी तिला आणखी एक सांगितलं, कारण तेही खरं होतं. आदल्या वर्षी माझा नवरा डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी, जेवणानंतर, छातीत जळजळतंय म्हणाला होता. मी इतकी वर्षं हेच शिकवत आले. मी त्याला ओव्याचं पाणी दिलं आणि भांडी घासायला गेले. त्याला खरंच पित्त झालं होतं, म्हणून तो आज आहे. "घरात शेजारी बसलेला माणूस आपल्याला धड्यातला वाटत नाही गं," मी म्हटलं. "तो आपला माणूस वाटतो. तुलाही तसंच वाटलं."

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने उरलेलं काम पुरं केलं, ट्रे धुतला, ब्लेड मोजून परत केले. मी मार्क दिले; एकही जास्त द्यावा लागला नाही.

त्या वर्षाच्या शेवटी मी विभागाच्या बैठकीत दाराच्या नियमाबद्दल बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ब्लेड तेच, मुलं तीच. सुरक्षेचा नियम एका घटनेमुळे काढता येत नाही असं ठरलं, आणि त्यांचं चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मी माझ्यापुरतं एवढं केलं की उशिरा येणाऱ्याला आत घेते, बाजूला उभं करते आणि सगळ्या सूचना त्याच्यासाठी पुन्हा सांगते. तास लांबतो. पुढच्या तासाचे सर दारात येऊन घड्याळाकडे बघतात.

मुलीने बारावीचं वर्ष पूर्ण केलं, ऑनर्समध्येच. पण पुढचं सगळं विस्कटलं होतं. व्हॅन आणि दुकान काकांनी घेतलं. व्हिसाची मुदत होती तोवर आई राहिली आणि मग गावाला परत जायचं ठरलं. निघण्याआधी मी पुन्हा अजमानला गेले. दारापाशी खोके रचलेले होते. आईने मला आग्रहाने बसवलं आणि मुलगी चहा करायला आत गेल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं ती ऐकते. तिला सांगा ना, तिच्या हातात काय नव्हतं. अल्लाची मर्जी होती. मी सांगते तर उठून जाते."

मी म्हटलं, सांगून पाहिलंय. आईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला त्यातलं किती ठाऊक होतं, रस्त्याच्या कडेला थांबलेली व्हॅन, हॉस्पिटलचा बोर्ड, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी चहा घेऊन आली. आम्ही तिघी हवेबद्दल बोललो, विमानात किती किलो नेता येतं त्याबद्दल बोललो. मुलगी दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिने एकदम मला मिठी मारली आणि तशीच आत निघून गेली.

रत्नागिरीला तिने कॉमर्सला प्रवेश घेतला. हे तिने मेसेज करून कळवलं, एका ओळीत, कारण न देता. मी अभिनंदन लिहिलं. डॉक्टरकीबद्दल तिने कधी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

मग पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास तिचा आवाजी मेसेज आला. मागे रिक्षाचा आवाज होता. आईला सकाळपासून पाठीत भरून आलं होतं म्हणून ती तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. ईसीजी नॉर्मल. गेल्या काही महिन्यांत असं कितीदा तरी झालं होतं. कधी ढेकर, कधी मान अवघडली, कधी नुसता घाम. डॉक्टर आता दारातच हसतात, म्हणाली. अम्मी चिडते, म्हणते मला आता काही दुखलं तरी तुला सांगायची नाही. "तेवढीच भीती वाटते मॅडम," ती म्हणाली, "की खरंच सांगायची नाही."

मी तो मेसेज शाळेच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून ऐकला. उत्तर म्हणून तिला फोनच लावला. आईने उचलला. मी तिला म्हटलं की दुखलं तर मुलीला सांगत जा, प्रत्येक वेळी सांगत जा, तिला नेऊ दे. पलीकडून ती म्हणाली, "बरं मॅडम. जाऊ आम्ही."