व्हॉल्व्हने खरं सांगावं

फिटरबाईंनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या पंपघरात काढली. पाइपाला हात लावल्याशिवाय त्या कशावरही विश्वास ठेवत नसत. एकदाच ठेवला. मोबाइलवर पाण्याचा व्हॉल्व्ह ‘बंद’ दिसला म्हणून त्या डबा उघडून जेवायला बसल्या. व्हॉल्व्ह उघडाच होता. तळघरातल्या गाद्या आणि चादरी पाण्यात गेल्या. त्यानंतर सात तास बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बादल्या उपसत होत्या.

बाईंनी कुणाला दोष देण्याआधी यंत्रं खोलून पाहिली. व्हॉल्व्ह एका कंपनीचा, पंप दुसरीचा, सेन्सर तिसरीचा. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नव्हतं, म्हणून मधे एक दुभाषी पेटी बसवलेली. त्या पेटीने व्हॉल्व्हला ‘बंद हो’ असं सांगितलं आणि मोबाइलवर ‘बंद’ लिहून हात झटकले. व्हॉल्व्ह गंजून अडकला होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढे सगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून खुले नियम लिहायचं ठरलं. मालकी कुणाचीच नाही, वापरावेत कुणीही. गटात बाई धरून बारा जण होते. रोज हात काळे करणारं कुणीतरी हवं, म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनाही बोलावलं. दोन वर्षांत त्यांनी एकच कलम लिहिलं: उपकरणाने मिळालेला हुकूम परत वाचून दाखवू नये, खरोखर काय झालं ते मोजून सांगावं.

शेवटच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सून म्हणाली, “आई, नियमांच्या मसुद्यावर सही करून टाका ना. नाव छापून येईल.”

“नाव काय चाटायचंय?”

बैठकीत एका मोठ्या कंपनीचा इंजिनिअर गोड आवाजात म्हणाला, “बाई, तुमचं कलम आम्ही काढत नाही. फक्त ऐच्छिक करतो. ज्याला जमेल त्याने मोजावं.”

“जमलं तर जेवायला या म्हणतात, तसं?”

दोघं-तिघं हसले. इंजिनिअर हसला नाही. “अहो, मोजणारा भाग प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये बसवायचा म्हणजे चेष्टा आहे का? आमचे लाखो व्हॉल्व्ह आधीच बसलेत.”

“बसू द्या. त्यांना हे नियम पाळल्याचा शिक्का देऊ नका, एवढंच.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “बाई, अकरा जण तयार आहेत. तुम्ही एकट्याच अडून बसलात.”

“तळघरातही एकटीच होते. पाणी काय माणसं मोजून येतं?”

“मग मत घेऊ.”

“घेता येत नाही,” बाई म्हणाल्या आणि गटाच्या कामकाजाचं पुस्तक त्यांनी अध्यक्षांपुढे सरकवलं. हरकत मतांनी दाबायची नाही, तिला कारणासह लेखी उत्तर द्यायचं, असं या गटानेच पहिल्या दिवशी ठरवलं होतं. अकरा जण ते विसरले होते. बाईंनी ते पान तीनदा वाचलं होतं.

“ठीक आहे,” इंजिनिअरने पेन उघडलं. “देतो उत्तर. त्यात काय!”

“सुरुवात मी सांगते. लिहा. व्हॉल्व्ह उघडा असताना ‘बंद’ दाखवलं तरी चालतं, कारण... आता पुढचं तुम्ही लिहा.”

त्याने लिहिलं आणि खोडलं. शेजारच्याशी कुजबुजून पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा कागद चुरगळला.

“मला महिनाभर वेळ लागेल,” तो म्हणाला.

“घ्या की. मला कुठे कामावर जायचंय?”

“तोवर निदान तात्पुरती सही तरी?” अध्यक्षांनी विचारलं.

“अर्धवट आवळलेल्या नटावर मी कधी सही केली नाही.”

बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी अध्यक्षांनी मसुदा बाजूला ठेवला आणि नोंदवहीत लिहिलं: हरकत कायम.

बाईंनी ते वाचलं, मगच उठल्या.